दहा कॉलमचा डेटा हाताने चाळून कसा बघायचा: ऐरोलीच्या हवेचं उदाहरण घेऊन

डिसेंबरातला रविवार होता, आमच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. बीएस्सीला स्टॅट घेऊन शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय ऐरोलीची हवा. "दादा, दहा कॉलम होते म्हणून दहा चार्ट काढले, पण सर म्हणतात चार्ट छान आहेत, यातून तुला सांगायचंय काय ते सांग." मी चार्ट बघितले, खरंच मेहनतीने काढलेले होते, प्रत्येक कॉलमची महिन्यागणिक सरासरी, रंग वगैरे सगळं नीट. पण पीएमच्या (हवेतल्या बारीक कणांच्या) चार्टवर जानेवारीतला एक वाईट आठवडा दिसत होता आणि त्याच आठवड्यात वारा कसा होता, दमटपणा किती होता, हे बघायला दुसरा चार्ट उघडून अंदाजाने बोट ठेवावं लागत होतं. दहा चार्ट म्हणजे दहा वेगवेगळ्या खिडक्या, आणि एका खिडकीत दिसलेला माणूस दुसऱ्या खिडकीत कुठे आहे ते कळायची सोयच नाही.

ही अडचण फक्त तिची नाही. महाप्याला आमच्या ऑफिसातही मशीनच्या रीडिंगचे पंधरा-वीस कॉलम घेऊन लोक तासन् तास एकेक चार्ट बघत बसतात. म्हणून त्या दुपारी आम्ही जे केलं ते इथे पायरीपायरीने लिहितोय, कोडिंग येत नसलं तरी जमेल असं. डेटा तुमचा वेगळा असेल, रक्ततपासणीचा असेल, दुकानाच्या विक्रीचा असेल, पद्धत हीच.

आधी डेटा

हवेचा डेटा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर फुकट मिळतो. राज्य, शहर, स्टेशन निवडायचं (नवी मुंबईत ऐरोली, महापे, नेरुळ अशी स्टेशनं आहेत, ठाणेकरांनी कासारवडवली घ्यावं), मग कुठले कॉलम हवेत ते टिक करायचे आणि तारखा टाकायच्या. तिने घेतलेले दहा कॉलम असे: पीएम 2.5, पीएम 10, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, तापमान, ह्युमिडिटी, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा. दर तासाचा डेटा घेतला तर वर्षाच्या 8760 ओळी होतात. दहा कॉलमच्या जोड्या किती, तर 45. म्हणजे प्रत्येक जोडीचा एक चार्ट काढायचा म्हटला तरी 45 चार्ट, आणि त्यात तिसरा कॉलम अजून आलेलाच नाही.

एक्सेल फाइल हातात आली की लगेच चार्टकडे धावू नका, अर्धा तास सफाईला द्या. वरच्या ओळींत स्टेशनचं नाव, तारखा असा मजकूर असेल तर उडवा, पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं राहिली पाहिजेत. जिथे रीडिंग नाही तिथे एखादा शब्द लिहिलेला असेल तर तो रिकामा करा, कारण अख्ख्या कॉलममध्ये एक शब्द जरी राहिला तरी सॉफ्टवेअरला वाटतं हा आकड्यांचा कॉलमच नाही. आणि रिकाम्या जागी शून्य तर अजिबात भरू नका. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही, रिकामं म्हणजे मोजलंच नाही. तारखा पण तपासा, एक्सेल कधी कधी दिवस आणि महिना उलटे वाचतं, 5 मार्चचा 3 मे होऊन बसतो आणि तुम्हाला भर उन्हाळ्यात थंडीचे आकडे दिसायला लागतात.

मग तीन कॉलम स्वतःचे जोडा: महिना, तास (0 ते 23) आणि ऋतू. ऋतूचा कॉलम अक्षरी ठेवा, हिवाळा, उन्हाळा, पावसाळा, पावसाळ्यानंतरचे दोन महिने वेगळे. ही पाच मिनिटांची भर आहे पण पुढे सगळ्यात जास्त कामाला येते.

ऑरेंज, आणि आधी फुलं

सॉफ्टवेअर म्हणून मी ऑरेंज सुचवतो. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठात बनलंय, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. उघडलं की पांढरा कॅनव्हास दिसतो आणि डावीकडे छोटे गोल आयकॉन, त्यांना विजेट म्हणतात. एक विजेट कॅनव्हासवर ओढून आणायचं, त्याच्या उजव्या कडेवरून माउसने रेघ ओढून दुसऱ्या विजेटच्या डाव्या कडेला जोडायची, झालं, डेटा इकडून तिकडे वाहायला लागला. पाइपलाइन जोडल्यासारखंच आहे.

स्वतःच्या फाइलवर उडी मारायच्या आधी आयरिस नावाच्या फुलांच्या मापांच्या डेटावर हात बसवा. 'फाइल' विजेट आणलं की त्यात हा डेटा आधीच भरलेला असतो. 150 फुलं, तीन जातींची प्रत्येकी 50, आणि प्रत्येक फुलाची चार मापं: निदलाची (पाकळ्यांच्या बाहेरच्या पानाची) लांबी-रुंदी, पाकळीची लांबी-रुंदी. मोजणी एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाची, आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने 1936 च्या लेखात वापरली तेव्हापासून जगभर शिकवण्यासाठी हीच फुलं वापरतात. जुना आहे, सगळ्यांनी चावून चोथा केलेला आहे, तरी मी अजून यानेच सुरुवात करायला लावतो आणि त्याला कारण आहे.

'फाइल' ला 'स्कॅटर प्लॉट' (दोन कॉलम दोन अक्षांवर, प्रत्येक ओळीचा एक ठिपका) जोडा, डबल क्लिक करून उघडा. आडव्या अक्षावर निदलाची लांबी, उभ्यावर निदलाची रुंदी घ्या, आणि रंगाच्या जागी सध्या काहीच नको. ठिपक्यांचा एक ढग दिसेल, विस्कटलेला, किंचित खाली उतरणारा. कोरिलेशन (दोन कॉलम किती सोबत चढतात-उतरतात ते सांगणारा उणे 1 ते 1 मधला आकडा) काढलं तर उणे 0.12 च्या आसपास येतं. म्हणजे निदल लांब असलं की थोडं अरुंद, किंवा खरं सांगायचं तर काहीच संबंध नाही, असंच कुणीही लिहून मोकळा होईल. आता रंगाच्या जागी फुलाची जात निवडा. त्याच ढगात तीन पट्टे सुटे होतात आणि तिन्ही वर चढणारे! सेटोसामध्ये 0.74, व्हर्सिकलरमध्ये 0.53, व्हर्जिनिकामध्ये 0.46. प्रत्येक जातीत लांब निदल रुंदही असतं, फक्त तिन्ही जाती एकत्र ढवळल्या की नातं उलटं दिसतं. ठिपके तेच, जागा त्याच, बदलला फक्त रंग. ती हे बघून दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे माझ्या फाइलमध्ये पण असं काही लपलेलं असेल." असणारच.

खरी जादू दोन खिडक्या जोडण्यात

आता मुख्य गोष्ट. एका चार्टवर माउसने काही ठिपके निवडायचे आणि तेच ठिपके बाकी सगळ्या चार्टवर त्याच क्षणी उठून दिसले पाहिजेत. याला ब्रशिंग आणि लिंकिंग म्हणतात. कल्पना नवीन नाही, 1970 च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफोर्डच्या अ‍ॅक्सिलरेटर केंद्रात संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रिम-9 नावाची सिस्टिम बनवली होती, त्यातला 9 म्हणजे नऊ कॉलमपर्यंतचा डेटा स्क्रीनवर फिरवून बघायची सोय. मग 1987 मध्ये बेकर आणि क्लीव्हलंड यांनी स्कॅटर प्लॉटवर ब्रश फिरवायच्या पद्धतीवर लेख लिहिला. तेव्हा खास महागडी मशीन लागायची, आज आपल्या घरच्या साध्या लॅपटॉपवर होतं.

ऑरेंजमध्ये हे असं करायचं. 'फाइल' पासून दोन स्कॅटर प्लॉट जोडा. मग पहिल्या स्कॅटर प्लॉटपासून दुसऱ्याला एक रेघ ओढा. दुसऱ्याला मुख्य डेटा आधीच मिळालेला असल्यामुळे ही नवी रेघ 'डेटा सबसेट' म्हणून जोडली जाते. क्रम महत्त्वाचा आहे, आधी 'फाइल' ची रेघ, नंतर ही. चुकलं असं वाटलं तर रेघेवर डबल क्लिक करा, कुठून काय कुठे चाललंय ते दिसतं आणि तिथेच बदलता येतं. आता दोन्ही विंडो शेजारी शेजारी ठेवा, पहिल्यात माउस ओढून चौकोन करा, दुसऱ्यात तेवढेच ठिपके भरीव होतात आणि बाकीचे पोकळ राहतात. शिफ्ट दाबून ओढलं तर दुसरा गट वेगळा पकडता येतो. पहिल्या प्लॉटला एक 'डेटा टेबल' पण जोडून ठेवा म्हणजे निवडलेल्या ओळी खरोखर कुठल्या, त्या तारखेसकट वाचता येतील.

हे टेबल जोडायला आळस करू नका. ठिपका बघून समाधान मानायचं नाही, ठिपक्यामागची ओळ वाचायची. याचा फायदा आम्हाला पहिल्या दहा मिनिटांतच झाला.

झालं असं. मी तिला म्हटलं पहिला प्लॉट पीएम 10 आणि पीएम 2.5 चा काढ, आडव्या अक्षावर पीएम 10, उभ्यावर पीएम 2.5. कारण सोपं आहे, पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतचे कण, पीएम 10 म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे पहिला हा दुसऱ्याचाच भाग झाला. भाग पूर्णापेक्षा मोठा होऊ शकत नाही, त्यामुळे सगळे ठिपके तिरक्या मधल्या रेषेच्या (जिथे दोन्ही आकडे सारखे असतात) एकाच बाजूला हवेत. थोडेफार इकडेतिकडे चालतं, मशीनची मोजणी आहे. पण प्लॉट उघडला तर दोन ढग होते! एक रेषेच्या खाली, जिथे असायला हवा तिथे, आणि दुसरा लहान ढग रेषेच्या वर, अगदी आरशातल्या प्रतिबिंबासारखा, तोच आकार, तोच उतार, फक्त उलटा. तिचा चेहरा पडला, "दादा, म्हणजे सगळा डेटाच खराब आहे का?" मी म्हटलं थांब, वरच्या ढगाभोवती चौकोन ओढ आणि टेबल बघ. टेबलात सगळ्या ओळी एकाच महिन्याच्या, पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत सलग. मग तिच्या लक्षात आलं. फाइल तिने आणि एका मैत्रिणीने अर्धी अर्धी डाउनलोड करून एकत्र चिकटवली होती आणि त्या महिन्याचे कॉलम निवडताना क्रम बदलला होता, पीएम 10 च्या जागी पीएम 2.5 आणि उलट. मूळ फाइल उघडली, कॉलम जागेवर आणले, ढग एक झाला.

बघा, तिच्या आधीच्या दहा चार्टमध्ये हा घोळ होताच, पण महिन्याच्या सरासरीच्या पट्टीत तो फक्त 'त्या महिन्यात पीएम 2.5 जरा जास्त' एवढाच दिसत होता आणि तिने त्यावर एक परिच्छेदही लिहून ठेवला होता. म्हणून माझं पक्कं मत आहे, कुठल्याही डेटात आधी अशी जोडी शोधा जिचं उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत आहे. रक्ततपासणीत एकूण कोलेस्टेरॉल आणि त्याचा भाग, विक्रीत एकूण बिल आणि त्यातला टॅक्स, वीजबिलात युनिट आणि रक्कम. तिथे ठिपके भलतीकडे गेले तर पुढचं सगळं थांबवा.

असेच दुसरे पकडायचे चोर म्हणजे अडकलेली रीडिंग. सेन्सर अडकला की तासन् तास एकच आकडा येत राहतो, स्कॅटर प्लॉटवर ती एकदम सरळ आडवी किंवा उभी ओळ दिसते, निसर्गात अशी ओळ होत नाही. निवडा, टेबलात बघा, खात्री पटली तर त्या जागा रिकाम्या करा आणि किती रिकाम्या केल्या ते वहीत लिहून ठेवा.

8760 ठिपके एकावर एक पडले की काळा गोळा दिसतो, तेव्हा स्कॅटर प्लॉटच्या डाव्या बाजूला ठिपक्याचा आकार कमी करा आणि ओपॅसिटीची (ठिपका किती गडद त्याची) पट्टी खाली आणा, दाट कुठे आणि विरळ कुठे ते लगेच उघडं पडतं. महिना, तास असे पूर्ण आकडे अक्षावर असले तर जिटर थोडा वाढवा, ठिपके किंचित हलवले जातात आणि एकाखाली लपलेले बाहेर येतात. जिटर फक्त डोळ्यांसाठी असतो, डेटा बदलत नाही.

निवडलेल्यांचं वेगळेपण काय, हे विचारायची युक्ती

ही युक्ती मला स्वतःला फार आवडते. समजा तुम्ही पीएम 2.5 चे सगळ्यात वाईट तास पकडले. आता प्रश्न असा की बाकीच्या कॉलममध्ये हे तास इतर तासांपेक्षा कशात वेगळे आहेत? एकेक कॉलम तपासत बसू नका. स्कॅटर प्लॉटला 'बॉक्स प्लॉट' (प्रत्येक गटाचे आकडे कुठपासून कुठपर्यंत पसरलेत ते दाखवणारा चार्ट) जोडा, रेघेवर डबल क्लिक करा आणि 'सिलेक्टेड डेटा' ऐवजी 'डेटा' वरून जोडणी करा. असं केलं की सगळ्या ओळी पुढे जातात आणि सोबत 'सिलेक्टेड' नावाचा एक नवा कॉलम येतो, निवडलेल्यांसमोर हो, बाकीच्यांसमोर नाही. बॉक्स प्लॉटमध्ये गट म्हणून हा कॉलम निवडा आणि वर रेलेव्हन्सनुसार क्रम लावायची टिक करा. ज्या कॉलममध्ये दोन गट सगळ्यात जास्त वेगळे पडतात तो यादीत वर येतो.

आमच्या फाइलमध्ये पीएम 10 अर्थातच वर आला, त्यात काही शिकण्यासारखं नाही, तो नात्यातलाच. पण त्याखाली वाऱ्याचा वेग आला आणि मग तास. निवडलेले वाईट तास म्हणजे वारा पडलेला असतानाचे, रात्री उशिराचे आणि पहाटेचे. हे आपल्याला इथे राहून माहीतच असतं की, थंडीत सकाळी ऐरोलीच्या पुलावरून जाताना खाडीवर धुरकट थर बसलेला दिसतो आणि दुपारी वारा सुटला की तो विरतो. रात्री जमीन गार होते, खालची हवा वर उठत नाही, वारा नसतो, मग जे काही धूर-धूळ आहे ते खालीच साचतं. तिने पहिल्यांदा डेटातून तेच वाचलं जे ती रोज कॉलेजला जाताना ट्रेनच्या दारातून बघते, आणि आता तिच्या हातात त्याचा पुरावा होता.

ऋतू सुटा केल्याशिवाय नातं जोडू नका

तिच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं की ह्युमिडिटी वाढली की पीएम कमी होतं. पूर्ण वर्षाचा प्लॉट काढला (आडवी ह्युमिडिटी, उभा पीएम) तर तसंच दिसतं खरं. पण रंगाच्या जागी ऋतू लावा. उजवीकडे खाली जो भलामोठा दाट पुंजका आहे तो सगळा पावसाळ्याचा, दमट आणि स्वच्छ. जून ते सप्टेंबर समुद्रावरून जोरदार वारा येतो, पाऊस धूळ खाली बसवतो, म्हणून हवा स्वच्छ, आणि पावसाळा आहे म्हणून दमट. दोन्हीचं कारण पावसाळा आहे. आता 'फाइल' आणि स्कॅटर प्लॉटच्या मध्ये 'सिलेक्ट रोज' (Select Rows, हव्या त्या ओळी निवडणारं) विजेट घाला, फक्त हिवाळा ठेवा. तिच्या फाइलमध्ये हिवाळ्याचा ढग वर चढणारा निघाला, दमट तास जास्त वाईट, कारण थंडीत सगळ्यात दमट वेळ म्हणजे पहाट आणि पहाटेच हवा साचलेली असते. आयरिसची फुलं आठवा, तोच प्रकार, जातीच्या जागी ऋतू आला इतकंच.

ते वाक्य तिने खोडलं आणि त्या जागी दोन प्लॉट शेजारी शेजारी लावले. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू झालं असं मला वाटतं.

ओझोनचं पण बघा, तो बाकीच्यांच्या उलटा वागतो. गाड्यांच्या धुरातून थेट येत नाही, धुरातल्या वायूंवर ऊन पडून हवेतच तयार होतो, म्हणून दुपारी चढतो. तासाला आडवा अक्ष द्या, ओझोनचा प्लॉट आणि नायट्रोजन डायऑक्साइडचा प्लॉट शेजारी ठेवा, एकात दुपारचा घोळका पकडा आणि दुसऱ्यात तो कुठे उठतो ते बघा.

एक सूचना इथेच देतो. पीएम 2.5 साठी 60 आणि पीएम 10 साठी 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही आपल्याकडची 2009 ची मर्यादा 24 तासांच्या सरासरीसाठी आहे. तासाच्या ठिपक्यांवर ही रेष ओढून 'इतके तास मर्यादा ओलांडली' असं लिहू नका, आधी दिवसाची सरासरी काढा मग रेष ओढा.

वाऱ्याची दिशा हा वेगळाच प्राणी

दिशा अंशांत असते, 0 ते 360. उत्तरेचा वारा 2 अंश असो की 358, वारा तोच, पण प्लॉटवर एक ठिपका डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला. सरासरी काढली तर येते 180, म्हणजे चक्क दक्षिण! म्हणून दिशेचा कॉलम जसाच्या तसा कुठल्याही कोरिलेशनमध्ये किंवा सरासरीत घालू नका. सोपा उपाय, एक्सेलमध्येच आठ दिशांचा अक्षरी कॉलम बनवा (उत्तर, ईशान्य, पूर्व असा) आणि त्याने बॉक्स प्लॉट काढा. पुढचं गणित करायचं असेल तर साइन आणि कोसाइनचे दोन कॉलम करा. दिवसाच्या तासाचंही तेच, 23 आणि 0 शेजारी आहेत पण अक्षावर दोन टोकांना बसतात.

सगळे कॉलम एकदम

जोड्या बघून झाल्या की सगळं एकत्र बघायची इच्छा होतेच. स्कॅटर प्लॉटमध्ये 'फाइंड इन्फॉर्मेटिव्ह प्रोजेक्शन्स' नावाचं बटण आहे, रंगासाठी ऋतू निवडलेला असला की हे बटण सगळ्या जोड्या तपासून कुठल्या जोडीत ऋतू सगळ्यात स्वच्छ सुटे होतात त्यांची यादी लावतं, 45 प्लॉट स्वतः काढायची गरज नाही. मग 'लिनिअर प्रोजेक्शन' विजेट उघडा, त्यात प्रत्येक कॉलम एक बाण होतो आणि ठिपके त्या बाणांच्या ओढीनुसार बसतात. 'पीसीए' (बरेच कॉलम मिळून दोन-तीन नवे कॉलम बनवायची पद्धत) पण आहे. फक्त नॉर्मलायझेशन (सगळे कॉलम एकाच मापात आणणं) चालू ठेवा, कारण कार्बन मोनॉक्साइड मिलिग्रॅममध्ये असतो आणि बाकीचे मायक्रोग्रॅममध्ये, नॉर्मलाइझ केलं नाही तर पीएम 10 चे मोठे आकडे सगळं चित्र स्वतःकडे ओढून घेतात आणि कार्बन मोनॉक्साइड असून नसल्यासारखा होतो. अशा चित्रात घोळके दिसले की तिथेच थांबू नका, घोळका निवडा आणि मघाची बॉक्स प्लॉटची युक्ती लावा, तरच घोळक्याला नाव देता येतं.

कोडिंग येत असेल तर पायथन भाषेतलं प्लॉटली (चार्ट काढायचं पॅकेज) घ्या आणि त्यातला पॅरलल कोऑर्डिनेट्सचा चार्ट काढा. ही पद्धत आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी नावारूपाला आणली. प्रत्येक कॉलमचा एक उभा खांब, आणि प्रत्येक ओळ म्हणजे सगळ्या खांबांवरून जाणारी एक दोरी. दोन खांबांमध्ये दोऱ्या समांतर गेल्या तर नातं सरळ, मध्येच फुलीसारख्या एकमेकींना छेदल्या तर उलटं. खांबावर माउस ओढून पट्टा निवडला की तेवढ्याच दोऱ्या ठळक राहतात, दुसऱ्या खांबावर अजून एक पट्टा निवडला की अजून गळतात. खांबांचा क्रम बदलून बघायलाच हवा कारण नातं फक्त शेजारच्या खांबांमध्येच दिसतं, खांबाचं नाव धरून ओढलं की तो सरकतो. हजारो दोऱ्या झाल्या की भिंतच होते, त्यामुळे दिवसाची सरासरी घेऊन 365 दोऱ्यांवर हे करा. आर (R) ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांनी टूर हा प्रकार बघावा, त्यात बऱ्याच कॉलमांचा डेटा हळूहळू वेगवेगळ्या कोनांतून फिरत राहतो, 1985 मध्ये डॅनियल असिमोव्ह यांनी मांडलेली कल्पना आहे, आणि एखाद्या कोनात अचानक दोन घोळके सुटे झालेले दिसतात ते बघायला खरंच थरार येतो. आणि ज्यांना ऑफिसात काहीच इन्स्टॉल करता येत नाही त्यांच्यासाठी एक्सेलचे स्लायसर (क्लिक करून ओळी गाळायची बटणं) आहेत, एकाच पिव्हटवरचे (गटवार बेरजा-सरासरीच्या टेबलवरचे) तीन-चार चार्ट एका स्लायसरला जोडा, माउसने ठिपके निवडता येत नाहीत पण निदान सगळ्या खिडक्या एकत्र हलतात.

दिसलं म्हणून खरं मानायच्या आधी

45 जोड्या, चार ऋतू, चोवीस तास, इतक्या ठिकाणी शोधत फिरलं की कुठे ना कुठे काहीतरी योगायोगाने दिसणारच, आणि माउसने निवडत गेलं की तर आपल्याला हवं तेच निवडलं जातं. म्हणून डेटा आधीच दोन भागांत ठेवा. दोन वर्षांचा असेल तर एक वर्ष मनसोक्त चाळा, जे सापडलं ते मराठीत साध्या वाक्यात लिहून काढा ("थंडीत वारा पडलेला असताना पहाटे पीएम 2.5 सगळ्यात जास्त") आणि मग दुसऱ्या वर्षाची फाइल त्याच विजेटच्या जोडणीत घाला. फाइल बदलली की सगळे चार्ट आपोआप नव्याने काढले जातात, पाच मिनिटांचं काम आहे. वाक्य टिकलं तर ठेवा, नाही टिकलं तर सोडून द्या, कितीही आवडलेलं असलं तरी. तिची पाच वाक्यं होती, त्यातली तीन टिकली, आणि प्रोजेक्टमध्ये तिने न टिकलेली दोन पण लिहिली, ते मला फार आवडलं.

शेवटी सेव्ह करताना लक्ष द्या. ऑरेंजची वर्कफ्लो फाइल फक्त विजेट आणि त्यांच्या जोडण्या लक्षात ठेवते, डेटा त्यात नसतो, डेटाच्या फाइलचा पत्ता असतो. नुसती वर्कफ्लो पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजच्या मशीनवर उघडली तर कॅनव्हास दिसेल आणि चार्ट रिकामे. एकच फोल्डर करा, त्यात वर्कफ्लो, साफ केलेली एक्सेल, मूळ डाउनलोड केलेली एक्सेल (हिला हात लावायचा नाही) आणि काय काय दुरुस्त केलं त्याची एक साधी टेक्स्ट फाइल. विजेटच्या विंडोत खाली रिपोर्टचं छोटं बटण असतं, प्लॉट पटला की तेव्हाच दाबून ठेवा, सगळे प्लॉट आणि त्यांची सेटिंग एका जागी जमा होतात. ती सोमवारी सकाळी तेच फोल्डर घेऊन गेली, आणि पहिला प्लॉट तिने पीएम 10, पीएम 2.5 चाच ठेवला होता, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा.